गौरींच्या आदल्या दिवशीची काळी चांदी: बारा वस्तू, तीन टाक आणि माझी एक चूक

सहा वर्षांपूर्वी सासूबाई साताऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे ठाण्याला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर एक गाठोडं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चांदीची भांडी, त्यांवर रबरबँड, आणि सगळ्यावरून एक जुनी लोकरीची शाल. गाठोडं जसंच्या तसं लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात गेलं. गौरी तेव्हा थोरल्या जाऊबाईंकडे पुण्याला बसत. गेल्या भाद्रपदात त्यांच्या घराचं काम निघालं आणि गौरी आमच्याकडे यायचं ठरलं. आवाहनाच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाईंनी गाठोडं सोडलं, फुलपात्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हे काय गं, लोखंडाचं सामान कुणाचं आणून ठेवलंस?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे अशा वेळी घरातले सगळे माझ्याकडे बघतात आणि मी सांगेन ते सोडून बाकी सगळं करतात. सासूबाईंनी रांगोळीचा डबा काढला. पन्नास वर्षं त्यांनी चांदी रांगोळीनेच घासली आहे. पितळी मुखवटे घेऊन आदल्या रात्रीच आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "आई, रांगोळी कशाला? टूथपेस्ट लावा, पाच मिनिटांत लख्ख होतं." नवऱ्याने मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ लावून अॅल्युमिनियम फॉइलचा रोल पुढे केला. मी म्हटलं, आधी सगळं टेबलावर मांडू या, मग ठरवू. हे एक वाक्य तेवढं त्या दिवशी ऐकलं गेलं.

काळं का झालं

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. हवेतल्या प्राणवायूशी एकटं तिचं काही वाकडं नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी किंचित जरी असला तरी ओलाव्याच्या साथीने तो चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवतो. थर पातळ असताना पिवळसर दिसतो, जाड होत जाईल तसा तपकिरी, मग निळसर-जांभळा आणि शेवटी काळा. आमच्या ताटाच्या काठावर या सगळ्या छटा एकापुढे एक होत्या. एरवी मला ते सुंदर वाटलं असतं.

गंधक कुठून आलं, हे आमच्या गाठोड्यात लिहून ठेवल्यासारखंच होतं. रबरबँडचं रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं. लोकरीच्या प्रथिनांत गंधक असतं. वर्तमानपत्राचा कागद आणि शाईही निर्दोष नाहीत. त्यात आमची इमारत खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. ओहोटीला खारफुटीच्या चिखलाचा जो वास येतो, तो याच वायूचा. साताऱ्यात चांदी वर्षभर फडताळात राहिली तरी फार तर पिवळी पडायची, असं सासूबाई सांगतात, आणि त्यावर माझा विश्वास आहे. स्वयंपाकघरातही शत्रू आहेतच: कांदा, लसूण, मोहरी, अंडं आणि हिंग. चांदीच्या डबीत हिंग ठेवायची हौस कुणाला असेल तर ती डबी कधीच पांढरी राहणार नाही.

इथे एक गोष्ट मी सासूबाईंना दोनदा समजावली, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा काळा थर म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. तो आपल्याच चांदीचा झालेला आहे; वजनाने जवळजवळ 87 टक्के चांदीच. घासून काढला की ती चांदी रांगोळीबरोबर मोरीत जाते. एका वेळी जाणारं वजन मात्र अगदी थोडं. मी कागदावर हिशेब केला: पाचशे चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर शंभर नॅनोमीटर जाडीचा थर धरला तर सगळा मिळून 36 मिलिग्रॅमच्या आसपास. सराफाच्या काट्यालाही ते जेमतेम कळेल. "मग बिघडलं काय?" सासूबाईंनी विचारलं. त्याचं उत्तर टाकांनी (देव उठवलेल्या चांदीच्या पत्र्यांनी) दिलं, पण ते पुढे.

टेबलावरची पाहणी

टाक सोडून बारा वस्तू होत्या: ताट, दोन वाट्या, फुलपात्र, पंचपात्र, पळी, दोन निरांजनं, करंडा, गुलाबदाणी, तबक आणि हाताच्या बोटाएवढी अन्नपूर्णा. कशावरही शुद्धतेचा शिक्का नव्हता; जुन्या घरगुती चांदीवर तो नसतोच बहुधा.

आधी सगळं कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाने धुतलं. निरांजनांवर तुपाचा पिवळा चिकट थर आणि काजळी होती. ती सल्फाइड नव्हे, तिला साबणच लागतो. तुपाचा पापुद्रा तसाच ठेवून पुढे काहीही केलं तरी ते वाया जातं. इथे रिठ्याचं पाणीही चालतं. सराफाकडे अजूनही रिठा दिसतो तो उगाच नाही.

मग एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. भाच्याचं तिकिटं बघायचं भिंग कामाला आलं. फुलपात्राच्या पोटावर रबरबँड होता तिथे एक काळी रेघ होती, आजूबाजूपेक्षा खोल. एका वाटीच्या तळाशी हिरवट-काळे ठिपके होते. "ती मिठाची वाटी," सासूबाई म्हणाल्या. नैवेद्याच्या ताटात मीठ वाढायची, आणि एखाद्या वर्षी तशीच राहून गेली असणार. मिठातलं क्लोराइड चांदीला आणि तिच्यातल्या तांब्याला खातं. हिरवा रंग तांब्याचा. करंड्याच्या झाकणावर नक्षी होती आणि नक्षीच्या खाचांतला काळेपणा जरा जास्तच एकसारखा होता. कारागीर कधी कधी मुद्दाम खाचा काळ्या करतात, नक्षी उठून दिसावी म्हणून. ते काळं काढलं तर नक्षीच जाते. म्हणून करंडा बाजूला ठेवला.

गुलाबदाणी मात्र मी नीट बघितली नाही. ती हातात घेतल्यावर दिसते त्यापेक्षा जड लागली होती, तेव्हाच थांबायला हवं होतं.

जर्मनचं पातेलं

फॉइल आणि खायच्या सोड्याची युक्ती खरी आहे. आमच्याकडे फॉइलचीही गरज नव्हती, कारण सासूबाईंचं जर्मनचं पातेलं होतं. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. आमच्याकडे गावाकडे सगळे असंच म्हणतात. जर्मन सिल्व्हर हा मात्र वेगळाच प्राणी. तांबं, जस्त आणि निकेल यांच्या त्या मिश्रधातूत अॅल्युमिनियमही नाही आणि चांदीही नाही. नावाने एवढा घोळ घालणारा दुसरा धातू मला माहीत नाही.

युक्तीचं काम असं चालतं. इलेक्ट्रॉन देण्यात अॅल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी तत्पर असतं. दोघं एकमेकांना टेकलेली असली आणि भोवती गरम, क्षारयुक्त पाणी असलं की ती एक छोटी बॅटरी होते. अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देतं, सल्फाइडमधली चांदी ते घेते आणि जागच्या जागी पुन्हा चांदी होते. सोडा अॅल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय फोडतो आणि पाण्यातून वीज वाहू देतो. म्हणून हार्ड अॅनोडाइज्ड किंवा नॉनस्टिक पातेलं इथे निकामी. त्याची साय मुद्दाम जाड केलेली असते किंवा धातूच झाकलेला असतो. व्हिडिओत मीठही घालायला सांगितलं होतं. मी घातलं नाही. मिठाने काय होतं ते त्या वाटीत दिसतच होतं, आणि त्याच्यावाचून काम अडत नाही.

दोन लिटर पाणी उकळून गॅस बंद केला आणि लिटरला चार मोठे चमचे या प्रमाणात सोडा घातला. पाणी फसफसून वर येतं, म्हणून पातेलं अर्धंच भरलेलं असावं. सोडा घ्यायचा तो खायचा. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, तिचा इथे उपयोग नाही. लिंबूही नको. लिंबू आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, वर नुसता फेस दिसतो आणि काहीतरी चाललंय असं वाटतं.

पहिली पळी आत सोडली. दोन मिनिटांत काळं पिवळसर झालं, मग फिकं, मग गेलं. ताट पातेल्यात मावेना, म्हणून अर्धं उभं बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा मधोमध पट्टीने ओढल्यासारखी रेघ: खाली पांढरं, वर लोखंडी. नवऱ्याने त्याचे इतके फोटो काढले की मला वाटलं, आता हा उरलेलं अर्धं तसंच ठेवायला सांगणार.

तेवढ्यात देवघरातून आवाज आला, "अंडं कोणी उकडलं गं? उद्या गौरी यायच्या आहेत!" पाण्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा तो वास. सगळ्या भांड्यांवरचं मिळून गंधक मिलिग्रॅममध्ये मोजावं एवढंच होतं, पण आपलं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट आहे. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. सासूबाईंनी गोमूत्र शिंपडलं. माझी हरकत नव्हती.

ताट, दोन्ही वाट्या, पळी, पंचपात्र, फुलपात्र, निरांजनं: आठही वस्तूंचं काळं गेलं, पण तीन गोष्टी राहिल्या. मिठाच्या वाटीचे ठिपके तसेच राहिले, कारण ते सल्फाइड नव्हते. फुलपात्रावरची रबराची रेघ काळी राहिली नाही, पण तिरप्या उजेडात धरलं की अजून दिसते. तिथला धातूच खाल्ला गेला आहे. आणि तबकावर काहीच फरक पडला नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, फॉइल घालून परत, तरी ते तसंच करडं. सासूबाईंच्या लग्नातल्या आहेरात आलेलं ते तबक जर्मन सिल्व्हरचं निघालं, हे नंतर सराफाने पक्कं केलं. आहेर कोणाचा होता ते त्यांना लगेच आठवलं. इथे लिहीत नाही. मात्र याला परीक्षा समजू नये. चांदीचा मुलामा दिलेली वस्तूही या पाण्यात तितकीच उजळते, आत पितळ असलं तरी.

चूक

पाणी अजून गरम होतं आणि मी यशाच्या भरात होते. गुलाबदाणी उचलली आणि आत सोडली.

मिनिटभरात तळाच्या कडेतून तपकिरी, चिकट काहीतरी बाहेर येऊ लागलं. झटकन काढली, पण तळाचा पत्रा एका बाजूने सुटून वर आला होता. पोकळ वस्तू उभी नीट राहावी म्हणून तिच्या बुडात राळ किंवा लाख भरून वर पत्रा बसवतात. लाख सत्तर-ऐंशी अंशांतच मऊ होते आणि आमचं पाणी नुकतंच उकळून उतरलेलं. बुडाला टिचकी मारून बघितली असती तर बद्द आवाज आला असता आणि सगळं कळलं असतं. मी वर्गात मुलांना सांगते की नमुना बघितल्याशिवाय प्रयोग लावू नका.

शिवाय तिच्या मानेवरची जाळी खाचांसकट पांढरी झाली होती. आधी काळ्या खाचांमुळे पानं-फुलं दिसायची, आता सगळं चुना फासल्यासारखं सपाट. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं टूथपेस्टपेक्षा जास्त खरवडतं.

यानंतर अन्नपूर्णा पाण्यात गेली नाही. तीही भरीव नव्हती, पत्र्याची होती, आणि आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. हाच नियम मोती, पोवळी, खडे किंवा मीनाकाम असलेल्या दागिन्यांनाही लावावा: गरम पाणी नाही, सोडा नाही, भिजवणं नाही.

रांगोळी, टूथपेस्ट आणि खडू

पातेल्यातून निघालेली चांदी पांढरी असते, पण लखलखत नाही. जरा मंद दिसते. सल्फाइडमधून परत आलेली चांदी सलग चढत नाही, बारीक सच्छिद्र होऊन बसते. त्यामुळे ती पुन्हा काळी लवकर पडते, अशी संग्रहालयांतल्या जतन करणाऱ्यांची तक्रार आहे. म्हणून वरून हलकंसं पॉलिश लागतंच. आता प्रश्न कशाने, आणि इथे सकाळची मारामारी पुन्हा सुरू झाली.

मोहस् कठिणतेच्या मापावर चांदी अडीच ते तीनच्या मध्ये बसते. कॅल्शियम कार्बोनेट तीनवर, काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी सातवर. बऱ्याच टूथपेस्टमध्ये सिलिका असते. दाताचं कवच पाचच्या आसपास कठीण असल्याने त्याला ती सोसते. चांदी दातापेक्षा मऊ. रांगोळीचं तिच्या दगडावर आणि भरडपणावर अवलंबून, आणि बाजारच्या रांगोळीत वाळूही असू शकते. मी एका रिकाम्या लोणच्याच्या बरणीवर चिमूटभर रांगोळी अंगठ्याने दाबून घासली. काचेवर ओरखडे उमटले. सासूबाईंनी भिंगातून बघितलं, बराच वेळ. मग डबा झाकून ठेवला.

आम्ही वापरलं ते अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रासायनिक रीतीने तयार केलेली, पिठासारखी मऊ भुकटी. लॅबला माल देणाऱ्या दुकानात ती मिळते. पाण्यात कालवून, जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने, एकाच दिशेने, जोर न लावता फिरवायची. कॅनडातली सरकारी जतनसंस्थाही चांदीसाठी हीच भुकटी सुचवते. शाळेचा खडू याच्या जवळचा वाटतो, पण आपल्याकडचा खडू बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो. तो मऊ असतो, हानी करत नाही, फक्त काम हळू करतो. घरात अगदी काही नसेल तर मी वस्त्रगाळ विभूती घेईन, टूथपेस्ट नाही. चिंचेचा विषयही निघाला. चिंचेचं आम्ल तांब्या-पितळेवरचा थर विरघळवतं, म्हणून गौरींचे मुखवटे चिंचेनेच निघाले. सिल्व्हर सल्फाइडला मात्र चिंच किंवा लिंबू काही करू शकत नाही.

करंडा आणि अन्नपूर्णा याच भुकटीने, फक्त उंचवट्यांवर हात फिरवून उजळवली. खाचा तशाच काळ्या सोडल्या. बाराही वस्तूंत करंडा सगळ्यात देखणा दिसला आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ लागला होता.

टाक

टाक शेवटी काढले: खंडोबा, भवानी आणि एक वीर. टाक म्हणजे पातळ चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, मागे तांब्याचा पत्रा. हे पातेल्यात घालायचे नाहीत हे मी तोवर शिकले होते. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं तर ते निघत नाही आणि आतून हिरवं होत जातं.

पण भिंगाखाली जे दिसलं त्यात काळेपणाचा प्रश्न दुय्यम होता. खंडोबाला चेहरा नव्हता. नाक, डोळे, मिशा, काही नाही, नुसता गुळगुळीत उंचवटा. म्हाळसा कुठे संपते आणि घोडा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. घोड्याच्या मानेवर, जिथे उठाव सगळ्यात जास्त, तिथे तांबूस ठिपका: चांदी संपून खालचं तांबं वर आलेलं. खाचांमध्ये मात्र जुनी रेखीव नक्षी अजून होती, कारण तिथपर्यंत रांगोळी पोहोचलीच नव्हती.

एका वेळी काही मिलिग्रॅम, हे मी सकाळी सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाई दर रविवारी घासायच्या. मग मी." त्यांनी पुढे हिशेब केला नाही, मीही केला नाही.

टाक कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले, कोरडे केले, तसेच काळसर देव्हाऱ्यात ठेवले.

नंतरचे सहा महिने

गौरी नीट पार पडल्या. गुलाबदाणी आठवडाभराने सराफाकडे नेली. त्याने बुडाकडे एक नजर टाकून विचारलं, "गरम पाण्यात घातलीत का, ताई?" त्याने राळ काढून पुन्हा भरली, पत्रा बसवला. जाळीच्या खाचा पुन्हा काळ्या करून देतो म्हणाला. त्यासाठी तेही गंधकाचंच द्रावण वापरतात. आम्ही नको म्हटलं. सहा महिन्यांत त्या आपोआप काळवंडायला लागल्या आहेत, खाडीच्या कृपेने.

टाक बघून तो म्हणाला, "झिजलेत. नवे घडवून जेजुरीला भेटवून आणा, हे विसर्जन करा." रीत तशीच आहे. सासूबाई म्हणाल्या, बघू.

दिवाळीला निरांजनांवर पिवळी झाक आली, ताटावर नाही. निरांजनांवर पातेल्यानंतर भुकटी नीट फिरवली नव्हती, ताटावर फिरवली होती, म्हणून मला आधी वाटलं की सच्छिद्रतेची तक्रार सिद्ध झाली. पण निरांजनं रोज काड्यापेटीच्या आणि उदबत्तीच्या धुरात असतात आणि दिवाळीत बाहेर गंधकाचे फटाके उडत होते, तर ताट पिशवीत बंद होतं. या तुलनेला काही अर्थ नाही. पुढच्या खेपेला दोन वाट्या घेऊन नीट करीन.

ठेवायची पद्धत बदलली ती अशी: वस्तू पूर्ण वाळवून, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून, झिपच्या पॉलिथीन पिशवीत हवा काढून, सोबत बुटांच्या खोक्यातून निघणारी सिलिका जेलची पुडी. रबरबँड नाही, वर्तमानपत्र नाही. शाल वेगळ्या खणात गेली. पंचपात्र आणि पळी पिशवीत ठेवलीच नाहीत, रोजच्या पूजेला घेतली. रोज धुतलं-पुसलं जातं ते काळं पडायला फुरसतच मिळत नाही, आणि त्या दोन्हींना अजून काहीही लावावं लागलेलं नाही.

रांगोळीचा डबा देवघरातून दाराशी गेला आहे. दर रविवारी टाकांना ओलं फडकं, मग कोरडं. खंडोबा काळसरच आहे.